इथे कोणी पडत नाही

३ मार्च, सोमवार

आले बाई एकदाची या म्हाताऱ्यांच्या केंद्रात. हॉस्पिटलच्या वासातून सुटका झाली. धाकटीने निघताना ही वही हातात कोंबली आणि बजावलं, "ताई, रोजचं लिहून ठेव. परत आलीस की मला वाचून दाखव. बोलायला माणूस नसलं की तू भांडणं उकरून काढतेस, त्यापेक्षा हे बरं." माझ्या बहिणीला डोळ्यांनी अंधुक दिसतं, अक्षर तर मुळीच लागत नाही. जीभ मात्र शाबूत आहे.

तर धाकटे, ऐक. टॅक्सीतून उतरले आणि वॉकर धरून दारापर्यंत माझी मी चालत आले. मध्ये दोन पायऱ्या होत्या, त्याही चढले. टॅक्सीवाला मागून "आजी, सावकाश, आजी, सावकाश." मी म्हटलं, "बाबा रे, चालत्या बसमध्ये उभं राहून जन्मभर तिकिटं फाडली आहेत. तू मला तोल शिकवू नकोस."

दारावर एक हिरवा झेंडा लावलाय, रुमालाएवढा. खाली पाटी: 'इथे कोणी पडत नाही.' मॅनेजरबाईंनी हसून सांगितलं, महिनाभर एकही माणूस पडलं नाही तर झेंडा राहतो आणि पहिल्या तारखेला सगळ्यांना आइसक्रीम. कोणी पडलं की झेंडा खाली. गेल्या वर्षभरात एकदाही उतरलेला नाही म्हणे.

अगं, वर्षभर! इथे कोणाला दिसत नाही, कोणाला ऐकू येत नाही, एकाला तर आपण कुठे आहोत तेच ठाऊक नाही. आणि मी, चांगली धडधाकट बाई, आपल्याच स्वयंपाकघरात बल्ब बदलायला स्टुलावर चढले आणि खुबा मोडून घेतला. यांची काहीतरी युक्ती असणार. ती शोधल्याशिवाय मी इथून हलत नाही. तू घरभर ठेचकाळत असतेस, तुझ्यासाठी तरी ती घेऊन येणारच.

झोपण्याआधी एवढंच. हे तुला वाचून दाखवणार नाही. भाचा टॅक्सीत म्हणाला, "आत्या, स्पष्ट बोलतो. लिफ्ट नाही, दुसरा मजला. तुला जिना जमला नाही तर ते घर ठेवण्यात अर्थ नाही. तू त्या केंद्रातच राहा, धाकट्या आत्याला मी माझ्याकडे नेतो." मुलगा वाईट नाही, काळजीने बोलतो. पण आम्ही दोघी जन्मभर एका छपराखाली राहिलो. हॉस्पिटलच्या व्यायामाच्या मॅडम चौदा एप्रिलला इथे येऊन परीक्षा घेणार आहेत. खुर्चीतून हात न टेकता उठायचं आणि जिना चढून उतरायचा. जमलं तर घरी.

न जमायला काय झालं!

५ मार्च, बुधवार

खुर्चीबद्दल लिहिलंच पाहिजे. हॉलमध्ये भिंतीलगत सगळ्यांना एकेक खुर्ची, पण खुर्ची कसली, लोण्याचा गोळा. बसलं की माणूस आतच जातं. गुडघे पोटाशी येतात, पाठ मागे रेलते आणि डोळे मिटायला लागतात. बसमध्ये माझ्या वाट्याला आयुष्यात कधी सीट आली नाही. आता वसूल करते आहे.

आमच्या हॉलवर एक मदतनीस असते. जरा कोणी हललं की ती धावत येते, "थांबा थांबा, मी आहे ना!" मी तिचं नाव थांबाताई ठेवलंय. ती रागावली नाही, हसली. पाणी हवं, थांबा थांबा. चष्मा हवा, थांबा थांबा. हॉस्पिटलने सांगितलेला उठण्या-बसण्याचा व्यायाम करायला गेले तर म्हणाली, "मावशी, चार दिवस आराम तर करा आधी. ऑपरेशन काय थोडंथोडकं होतं का?" खरंच आहे. सख्खी लेक करणार नाही इतकं ती करते.

संध्याकाळी फोनवर धाकटी म्हणाली, "आज चहा मी केला." मी ओरडलेच. गॅसपाशी जायचं नाही म्हणून शंभरदा सांगितलंय. शेजारीणबाई दोन्ही वेळचं जेवण आणि चहा आणून देतात, मग कशाला नसती उठाठेव? ती म्हणाली, "बरं." पण तिचं 'बरं' मला चांगलं माहीत आहे.

८ मार्च, शनिवार

तपासाला सुरुवात. पहिला संशय फरशीवर. पेन मुद्दाम खाली पाडलं, थांबाताई उचलायला वाकली तेव्हा विचारलं, "काय गं, ही फरशी खास आहे का?" म्हणाली, घसरत नाही अशी रबराची आहे. मी खूश. पण तासाभराने तिचाच पाय त्या फरशीवर घसरला आणि तिने चहाचा ट्रे कसाबसा सावरला. म्हणजे फरशी नव्हे.

माझ्या समोरच्या खुर्चीत एक काका बसतात, पूर्वी पोस्टमन होते. सगळा वेळ माझी फिरकी घेतात. "काय कंडक्टर, तुमची गाडी डेपोतच का उभी?"

मी म्हटलं, "तुमची सायकल कुठाय ते सांगा आधी."

"सायकल?" ते म्हणाले. "मी आलो ना, तेव्हा रोज फाटकापर्यंत जायचो. फाटकाबाहेर इथे येणाऱ्या पत्रांची पेटी आहे. सवय हो, पेटी दिसली की हात लावून बघायचा."

"मग आता का जात नाही?"

"कोण उठतंय," म्हणाले, आणि दाराकडे बोट केलं. "शिवाय झेंडा आहे ना. आपल्यामुळे सगळ्यांचं आइसक्रीम बुडायला नको."

आळशी माणूस. जन्मभर चालून कंटाळला असेल.

१२ मार्च, बुधवार

दुसरा संशय चपलांवर. इथे सगळ्यांना एकाच प्रकारच्या निळ्या चपला देतात. तळव्यात काहीतरी गोम असणार असं मला वाटलं. दुपारी सगळे डुलक्या काढत होते, तेव्हा थांबाताईला गळ घातली, "जरा एकेकाची चप्पल उलटी करून दाखव ना." ती म्हणाली, "मावशी, तुम्ही म्हणजे ना!" पण दाखवल्या.

धाकटे, तुला सांगते, तळवे कोरे करकरीत! पोस्टमनकाकांच्या चपला आठ महिन्यांच्या, पण तळव्यावरची नक्षी जशीच्या तशी, दुकानातून आत्ता आणल्यासारखी. काय माल असेल! आपण सहा महिन्यांत चपला झिजवून टाकतो. तुझ्यासाठी हाच जोड मागवायला सांगणार आहे. मापाला तुझा पाय माझ्यापेक्षा एक बोट लहान, हो ना?

वॉकर स्टोअररूममध्ये ठेवलाय. हॉलमध्ये ठेवला तर कोणीतरी अडखळेल म्हणून. मागितला की मिळतो. काल मागितला होता, पण थांबाताई एकटी होती, मग तिने सरळ काखेत हात घालून मला उचललं आणि चाकाच्या खुर्चीतून बाथरूमला नेलं. दोन मिनिटांत काम झालं.

१८ मार्च, मंगळवार

भिंतीला कमरेएवढ्या उंचीवर लाकडी दांडा आहे, धरून चालायला. हॉलपासून जेवणाच्या खोलीपर्यंत अख्खा. चाकाच्या खुर्चीतून जाताना मी त्यावरून हात फिरवत गेले. पॉलिश असं झकास की तोंड दिसावं. किती निगा राखतात! आमच्या बसमधल्या दांड्यांचा रंग वर्षभरात हातांनी उडून जायचा, आतलं लोखंड पांढरं दिसायला लागायचं. इथल्या माणसांना वस्तू वापरायची रीत आहे.

मला मात्र जरा बरं वाटत नाही. पाय जड पडलेत. पायजमा मांडीवर ढगळ झालाय, पोटावर मात्र तोच घट्ट. हवा बदलली की असं होतं. व्यायाम सोमवारपासून नक्की.

२५ मार्च, मंगळवार

आज गंमत झाली. सरकारी तपासनीस आले होते, केंद्राचा दर्जा आणि सुरक्षितता तपासायला. चांगले उंचपुरे, तरणेताठ गृहस्थ. सकाळपासून मॅनेजरबाईंचा जीव टांगणीला. साहेबांनी फरशी पाहिली, दिवे पाहिले, औषधांचं कपाट उघडून पाहिलं, मग मला निवडलं आणि शेजारच्या रिकाम्या खुर्चीत बसून प्रश्न विचारले.

"इथे आल्यापासून पडलात का?"

"छे!"

"कोणी ओरडतं? दुर्लक्ष करतं?"

"उलट जरा जास्तच लक्ष देतात," मी म्हटलं आणि थांबाताईकडे बघून डोळा मारला.

"जेवण?"

"वेळेवर आणि गरम."

मग मी माझ्याकडचं सगळं ऐकवलं, फरशी, दांड्याचं पॉलिश, चपलांचे तळवे. साहेब म्हणाले, "तुम्ही तर माझं अर्धं काम केलंत." आणि उठायला गेले, तर उठता येईना! एकदा झोका घेतला, परत आत. दुसऱ्यांदा घेतला, परत आत. शेवटी थांबाताईने "थांबा थांबा, मी आहे ना" म्हणत हात दिला, तेव्हा निघाले. हॉल खदखदून हसला. साहेबही हसले, "फारच आरामशीर आहे हो!" पूर्ण गुण देऊन गेले म्हणे. मॅनेजरबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. बिचारी. माझीही मदत झाली याचं समाधान वाटलं.

व्यायाम राहिलाच. आता एक तारखेपासून.

३० मार्च, रविवार

धाकटी आली. बसने, एकटी! दारात तिला एकटीला पाहून माझा जीवच गेला. मी ओरडायला सुरुवात केली तर म्हणाली, "कंडक्टर ओरडतो ना स्टॉपचं नाव. मला कान आहेत. उतरताना एका मुलीने हात दिला, नसता दिला तरी उतरले असते." आणि वर हसते आहे. आधी कळलं असतं तर मी दिवसभर नुसता विचार करत बसले असते, हिला ठेच लागली असती तर, रस्ता चुकली असती तर.

मग ती नेहमीसारखी जमिनीवर बसली आणि माझे पाय मांडीवर घेतले. घरी रोज रात्री ती माझे पाय चेपते, उभं राहण्याच्या नोकरीपासूनची सवय. पोटरीवरून हात फिरवला, मग मांडी, मग परत पोटरी. तिचा हात थांबला.

"काय झालं गं?"

"ताई," ती म्हणाली, "हा पाय तुझा नाही."

"वेडी आहेस का?"

"तुझी पोटरी दगडासारखी असते. बोट रुतत नाही. ही बघ." तिने अंगठा दाबला. "दुखणाऱ्या पायाचं समजू शकते. हा तर चांगला पाय. याला काय झालं?"

मी तिला फाडकन म्हटलं, डॉक्टर तू का मी? तुला काय दिसतंय? असं बोलायला नको होतं. जाताना फक्त म्हणाली, "दारापर्यंत सोडायला ये ना." मी म्हटलं, थांबाताई आत्ता कामात आहे. ती म्हणाली, "थांबाताईला नाही बोलवत, तुला बोलावते आहे."

मी गेले नाही. बसल्या जागेवरून हात हलवला. तिला तो दिसला नसणार.

३१ मार्च, सोमवार

आज थांबाताई दुसऱ्या कोणाला आंघोळीला घेऊन गेली, तेव्हा मी माझी मी उठायचं ठरवलं.

हात टेकले. हलले नाही. पुढे सरकायला गेले तर गादी मागे ओढते. झोका घेतला. त्या साहेबांसारखी परत आत. पुन्हा. पुन्हा. घाम फुटला. समोर पोस्टमनकाका बघत होते, पहिल्यांदाच त्यांनी चेष्टा केली नाही.

"पहिले दोन महिने मीही करून पाहिलं," ते म्हणाले.

मी त्यांच्या चपलांकडे पाहिलं. मग दांड्याकडे पाहिलं, तोंड दिसेल अशा त्या पॉलिशकडे. अगं बाई! कोणाचा हातच लागत नाही त्याला. कोणाचा पायच टेकत नाही. आणि मी मूर्खासारखी वाहवा करत सुटले होते. शोधायला निघालेली युक्ती माझ्या बुडाखाली होती आणि मी तिच्यावर आरामात बसले होते. इथे कोणी पडत नाही, कारण इथे कोणी उठत नाही.

एक महिन्यापूर्वी मी त्या दारातून चालत आले. चौदा तारखेला दोन आठवडे उरलेत. मी रडले. थांबाताईने विचारलं तर सर्दी म्हटलं.

१ एप्रिल, मंगळवार

आइसक्रीम आलं. मी बाजूला ठेवलं आणि मॅनेजरबाईंना खोलीत बोलावून घेतलं.

"मला जेवणाच्या खोलीतली लाकडी खुर्ची हवी आहे. हातवाली. आणि माझा वॉकर खुर्चीशेजारी हवा."

"अहो, ती टणक आहे. पाठ दुखेल तुमची."

"दुखू दे. मला उठायचं आहे."

त्यांनी दार लोटलं आणि समोर बसल्या. मला वाटलं आता नियम सांगणार. पण त्या हळू आवाजात बोलल्या. "मी आधी जिथे होते तिथे एक बाई अशाच स्वतः उठल्या. माझ्या डोळ्यांदेखत. चार पावलांवर होते मी. डोकं कठड्यावर आपटलं, आठवड्यात गेल्या. त्यांचा मुलगा मला एकच विचारायचा, तुम्ही कुठे होतात? मी इथे आले तेव्हा ठरवलं, माझ्या हाताखाली कोणी पडणार नाही."

आता या बाईवर चिडायचं तरी कसं?

"पडले तर जबाबदारी माझी," मी म्हटलं.

"तुम्ही पडलात की जबाबदारी तुमची राहत नाही, मावशी."

"आणि न पडता मी इथेच राहिले, माझी बहीण तिकडे भाच्याकडे, घर बंद, तर त्याची जबाबदारी कोणाची? त्याचा झेंडा कुठे लावता तुम्ही?"

त्यांनी दार उघडलं. विचार करते म्हणाल्या. आइसक्रीम वितळून गेलं.

३ एप्रिल, गुरुवार

खुर्ची आली! मॅनेजरबाईंनी अट घातली, उठताना थांबाताई शेजारी हवीच. थांबाताईने मला कोपऱ्यात घेऊन खरं काय ते सांगितलं. "मावशी, मला काय तुम्हाला बसवून ठेवायची हौस आहे? तुम्ही स्वतः उठायचं म्हणजे मी शेजारी उभं राहायचं, तुमच्या वेगाने. तेवढ्यात हॉलमध्ये बाकीचे आहेतच, आणि मी एकटी. उचललं की झटक्यात होतं."

मला एकदम गर्दीच्या वेळची बस आठवली. म्हातारी माणसं सावकाश चढायला लागली की मीही असाच हात धरून ओढून घ्यायची.

"मग असं करू," मी म्हटलं. "तुझं काम हलकं असेल तेव्हाच मी उठते. तू फक्त उभी राहा. हात लावायचा नाही."

पहिल्यांदा अर्ध्यावरून परत बसले. तिचे हात पुढे आले होते, तिने ते स्वतःच्या पाठीमागे बांधून घेतले. बिचारीला किती जड गेलं ते चेहऱ्यावर दिसत होतं. चौथ्या वेळी उभी राहिले. पाय लटलटत होते, पण होते माझेच.

धाकटीला फोन केला, म्हटलं तुझं खरं होतं. ती म्हणाली, "माहीत आहे. मी आज खाली जाऊन भाजी आणली." मी तोंड उघडलं आणि परत मिटलं. नंतर रात्रभर वाटत राहिलं, जिन्याचा तो मधला वळणाचा भाग तिला कसा जमला असेल.

८ एप्रिल, मंगळवार

पडले.

दांडा धरून जेवणाच्या खोलीकडे चालले होते. मध्येच वाटलं, एक हात सोडून बघावा. तेवढ्यात पाय दुमडला आणि मी जमिनीवर. सावकाशच पडले, कुल्ल्यावर, चांगल्या बाजूच्या. थांबाताई पांढरीफटक. मॅनेजरबाई धावत आल्या, गुडघ्यांवर बसल्या.

"कुठे दुखतंय? हलू नका, हलू नका!"

डॉक्टर आले, पाय हलवून पाहिले, दाबून पाहिलं. काही नाही, मुका मार. मग मी म्हटलं, "आता मला उचलू नका. खुर्ची इकडे सरकवा." गुडघ्यावर आले, खुर्चीचे हात धरले आणि उठले. व्यायामाच्या मॅडमनी हॉस्पिटलात शिकवलं होतं, अगदी तसंच. मॅनेजरबाई जमिनीवरच बसून राहिल्या आणि माझ्याकडे वर बघत होत्या. "तुम्ही उठलात," एवढंच म्हणाल्या. दोनदा.

संध्याकाळी त्यांनी स्वतः झेंडा उतरवला. मला फार वाईट वाटलं. सगळ्यांचं आइसक्रीम मी बुडवलं.

९ एप्रिल, बुधवार

सकाळी हॉलमध्ये आले तर मान वर करायची हिंमत होईना. पोस्टमनकाका घसा खाकरून मोठ्याने म्हणाले, "ओ थांबाताई, झेंडा तर गेलाच ना? मग मलाही ती लाकडी खुर्ची आणा."

"काका, तुम्हाला कशाला?"

"आता बुडायचं ते बुडालं. महिना मोकळा आहे."

आणि मग काय, खिडकीपाशी बसणाऱ्या आजी म्हणाल्या, मलाही. त्यांच्या पलीकडचे मास्तर म्हणाले, मलाही. मी बघतच राहिले. मला वाटायचं सगळे आळशी. आळशी कसले! सगळे त्या रुमालाएवढ्या फडक्याला सांभाळत बसले होते.

दुपारपर्यंत लाकडी खुर्च्या ओळीने मांडल्या गेल्या. मॅनेजरबाईंनी ऑफिसचं काम सोडलं आणि उठणाऱ्यांशेजारी थांबाताईसोबत स्वतः उभ्या राहिल्या. कोणी उठायला लागलं की श्वास रोखून धरतात. एक जादा माणूस मागितलंय म्हणाल्या, वरून नाही आलं तर भांडणार आहेत. भांडायला मी शिकवते म्हटलं.

१४ एप्रिल, सोमवार

मॅडम आल्या. खुर्चीतून उठले, हात छातीशी बांधून. अख्खा हॉल बघत होता. मागच्या बाजूच्या जिन्यावर एक मजला चढले, उतरले. मध्ये एकदा धाप लागली. मॅडमनी पाय तपासले, कपाळाला आठ्या घातल्या. "हॉस्पिटलमधून सोडलं तेव्हा यापेक्षा जास्त ताकद होती. काय झालं मध्ये?"

मॅनेजरबाई शेजारीच होत्या. मी काही बोलायच्या आत त्याच म्हणाल्या, "आमच्याकडून झालं."

मॅडमनी कागदावर सही केली. मग म्हणाल्या, "घरी जा. मध्ये पायरीवर बसावं लागलं तर बसा, पण उठायचं तुमचं तुम्हीच. आठवड्याने मी पाहायला येते."

उद्या सकाळी निघायचं म्हणून संध्याकाळी निरोप घ्यायला गेले, तर पोस्टमनकाका दिसेनात. फाटकाशी पाहिलं तर वॉकरवर टेकून उभे, शेजारी घामाघूम थांबाताई, हात पाठीमागे बांधलेले. काकांनी पेटीत हात घालून बघितला. "रिकामीच आहे," म्हणाले. "घरी पोचलात की पत्र टाका, कंडक्टर. मी काढून घेईन."

१५ एप्रिल, मंगळवार

घरी.

जिन्यात भाचा मागे हात पसरून, मी कधी पडते याची वाट बघत असल्यासारखा. मधल्या वळणावर पायरीवर बसले. वरून धाकटी ओरडली, "पुढे चला, पुढे चला, आत जागा आहे!" हसू येऊन दम आणखीनच लागला. मग उठले आणि गेले वर. भाच्याने घराची गोष्ट काढली नाही. पाणी प्यायला आणि कामावर गेला.

मी आमच्या जुन्या टणक खुर्चीत बसले. धाकटी म्हणाली, "चहा टाकते."

"थांब थांब, मी..."

तोंडातून अर्धं निघालं होतं. ती दारात थांबली, माझ्या दिशेला मान वळवून. "काय म्हणालीस?"

"काही नाही. साखर बेताची घाल."

ती आत गेली. मी ऐकत राहिले. गॅसचं बटण. पातेलं. पाण्याचा नळ. डब्याचं झाकण उघडलं, दुसऱ्याचं उघडलं, पहिलं परत लावलं. चमचा. बराच वेळ काही नाही. मग खळ्ळकन आवाज.

माझ्या हातांनी खुर्चीचे हात धरले, पाय जमिनीवर रोवले गेले. मला उठता येत होतं. एका दमात उठले असते.

आतून आवाज आला, "ताई, उठलीस का?"

"नाही," मी म्हटलं.

"मग बसून राहा. एक कप गेला. झाडू कुठे आहे ते मला माहीत आहे."

बसून राहिले. त्या लोण्याच्या गोळ्यातून उठणंही इतकं अवघड नव्हतं. काचा गोळा केल्याचा आवाज आला, पुन्हा नळ, पुन्हा चमचा. मग ती आली, एका हाताने भिंत चाचपत, दुसऱ्या हातात कपबशी. अर्धा चहा बशीत होता.

चहा गोडमिट्ट झाला होता. सगळा प्यायले आणि दुसरा कप मागितला.